सहा वर्षांत पडलेला ‘अभेद्य’ किल्ला : शातो गाय्यारची रचना आणि तिचा हिशेब

जुलै २०२५ मध्ये पॅरिसला भरलेल्या युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीच्या बैठकीत रायगड, राजगड, साल्हेरपासून तमिळनाडूतल्या जिंजीपर्यंत बारा किल्ल्यांचा ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून वारसा यादीत समावेश झाला. त्यानिमित्ताने आपल्याकडे युरोपातल्या किल्ल्यांचा विषय निघाला, की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर निमुळते निळसर कळस आणि आखीव बागा उभ्या राहतात. लुआर नदीच्या खोऱ्यातल्या ज्या वास्तूंची ही चित्रे आपण पाहिलेली असतात, त्यांतल्या बहुतेक पंधराव्या-सोळाव्या शतकांत राजाच्या आणि सरदारांच्या मुक्कामासाठी बांधलेल्या किंवा नव्याने सजवलेल्या आहेत. त्यांच्याकडे पाहून मध्ययुगातला लढाऊ किल्ला समजत नाही. तो समजून घ्यायचा असेल, तर पॅरिसच्या वायव्येला सुमारे शंभर किलोमीटरवर, नॉर्मंडीतल्या ले आंदली या गावाच्या डोक्यावर, सेन नदीच्या एका मोठ्या वळणावर उभे असलेले पडके शातो गाय्यार पाहावे.

हा किल्ला इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड, म्हणजे ‘सिंहहृदयी’ रिचर्ड, याने ११९६ ते ११९८ या काळात बांधला. त्या काळी ठाऊक असलेली बचावाची जवळजवळ प्रत्येक युक्ती त्यात वापरलेली होती आणि खर्चाला हात आखडता घेतलेला नव्हता. तरीही ६ मार्च १२०४ रोजी, आपल्या पहिल्याच मोठ्या वेढ्यात, तो फ्रान्सच्या राजाच्या हाती पडला. एवढा भक्कम किल्ला एवढ्या लवकर का पडला, या प्रश्नाचे उत्तर शोधताना मध्ययुगीन किल्ला म्हणजे नेमके काय असते, हे आपोआप उलगडत जाते.

किल्ला नेमके करतो काय?

किल्ला शत्रूला कायमचा अडवतो, ही समजूत आधी बाजूला ठेवावी लागते. बँकेतली तिजोरी फुटतच नाही असे नाही. ती फोडायला चोराला इतका वेळ लागावा, की तेवढ्यात पहारेकरी किंवा पोलीस येऊन पोहोचावेत, असा तिच्यामागचा विचार असतो. किल्ल्याचेही तसेच होते. शे-दोनशे माणसांनी हजारोंच्या फौजेला काही महिने रोखून धरायचे, तेवढ्या वेळात राजाने आपली मोकळी फौज गोळा करून वेढा घालणाऱ्यांवर मागून चाल करायची, हा त्याचा हिशेब होता. भिंतींचे मोल त्या किती काळ तग धरतात यावर ठरे, आणि त्या काळाचा उपयोग करून घ्यायला बाहेर कोणी आहे की नाही यावरही ठरे. हा दुसरा भाग बांधकामाच्या नकाशात कुठेच दिसत नाही, म्हणून तो विसरला जातो.

इथे एक शंका रास्त आहे. किल्ला इतका अवघड असेल, तर शत्रूने त्याला वळसा घालून पुढे का जाऊ नये? जाता येत असे, पण मागे सोडलेल्या किल्ल्यातली शिबंदी बाहेर पडून रसद तोडू शके, गावे लुटू शके आणि परतीची वाट बंद करू शके. गाय्यारच्या बाबतीत तर वळसा घालायची सोयच नव्हती. पॅरिसहून नॉर्मंडीची राजधानी रूआं इथे जाणारा खरा राजमार्ग म्हणजे सेन नदी होती, कारण धान्य, दगड, लाकूड आणि यंत्रे असे जड सामान नावांतूनच जाई. त्या मार्गावर रूआंच्या अलीकडे सुमारे चाळीस किलोमीटरवर रिचर्डने हा अडसर घातला होता.

एक राजा दुसऱ्या राजाचा मांडलिक कसा?

इंग्लंडच्या राजाने फ्रान्समध्ये किल्ला का बांधावा, हा प्रश्न वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या सरदाराने, म्हणजे ड्यूकने, इंग्लंड जिंकले आणि तेव्हापासून बहुतेक काळ एकच माणूस समुद्राच्या अलीकडे ड्यूक आणि पलीकडे राजा होता. ड्यूक म्हणून तो फ्रान्सच्या राजाचा मांडलिक. राजा म्हणून त्याच्या बरोबरीचा. रिचर्डच्या काळात तर फ्रान्सचा पश्चिमेकडचा मोठा मुलूख त्याच्या घराण्याकडे होता आणि प्रत्यक्ष फ्रान्सच्या राजाचा, दुसऱ्या फिलिपचा, स्वतःच्या अमलाखालचा प्रदेश त्यापुढे लहान होता. मांडलिक धन्यापेक्षा मोठा झाला, की दोघांनाही झोप लागत नाही.

रिचर्ड तिसऱ्या धर्मयुद्धावरून परतत असताना ११९२ च्या डिसेंबरात व्हिएन्नाजवळ पकडला गेला आणि फेब्रुवारी ११९४ पर्यंत कैदेत राहिला. त्याच्या सुटकेसाठी दीड लाख मार्क एवढी प्रचंड खंडणी ठरली होती. तो कैदेत असताना फिलिपने संधी साधली आणि सरहद्दीवरचा गिझोरचा महत्त्वाचा किल्ला घेतला. सुटून आल्यावर रिचर्डने बराच मुलूख परत मिळवला, पण गिझोर गेले ते गेलेच आणि सेन नदीचे खोरे रूआंपर्यंत उघडे पडले. जानेवारी ११९६ च्या लूव्हिएच्या तहात तर आंदलीला कोणत्याही राजाने तटबंदी करू नये, असे स्पष्ट कलम होते. काही महिन्यांतच रिचर्डने तिथे पाया खणायला घेतला.

जमीन आर्चबिशपची, किल्ला राजाचा

तह मोडणे एक वेळ चालून गेले असते, पण आंदलीची जहागीर रूआंचा आर्चबिशप वॉल्टर याच्या मालकीची होती. तिथे नदीवरून जाणाऱ्या नावांकडून मिळणारी जकात चर्चला येई, त्यामुळे जागा विकायला तो तयार नव्हता. रिचर्डने ती सरळ ताब्यात घेतली. आर्चबिशपने उलट नॉर्मंडीभर धर्मविधींवर बंदी घातली; म्हणजे प्रार्थनासभा नाहीत आणि विधिपूर्वक दफनही नाही. दफनाविना प्रेते रस्त्यांत पडून राहिल्याचे तत्कालीन बखरकार रॉजर ऑफ हाउडन याने नोंदवले आहे. प्रकरण पोपपर्यंत गेले आणि ११९७ मध्ये तडजोड झाली. आंदलीच्या बदल्यात रिचर्डने आर्चबिशपला दिएपचे बंदर, लूव्हिए आणि आणखी काही उत्पन्नाच्या जागा दिल्या. व्यवहार म्हणून पाहिले, तर आर्चबिशपच फायद्यात राहिला असे म्हणावे लागते. पण एका टेकडीसाठी राजा बंदर सोडायला तयार झाला, यावरून त्या टेकडीचे त्याच्या लेखी काय मोल होते तेही समजते.

एवढ्यावरही संकटे थांबली नाहीत. बांधकाम चालू असताना रक्ताचा पाऊस पडल्याची आणि तरीही रिचर्ड डगमगला नसल्याची कथा विल्यम ऑफ न्यूबर्ग हा दुसरा तत्कालीन बखरकार सांगतो. स्वर्गातून देवदूत उतरून काम सोड म्हणाला असता, तरी या राजाने त्याला शिव्याच घातल्या असत्या, अशी त्याची पुस्ती आहे.

दोन वर्षे आणि बारा हजार पौंड

त्या काळी अशा आकाराचा किल्ला पुरा व्हायला सहज दहा वर्षे लागत. गाय्यारचा मुख्य भाग दोन वर्षांत उभा राहिला. नॉर्मंडीच्या खजिन्याच्या हिशेबपटांवरून या कामावर आणि खालच्या गावाच्या तटबंदीवर मिळून बारा हजार पौंडांच्या आसपास खर्च झाल्याचे दिसते. रिचर्डने आपल्या पूर्ण कारकिर्दीत इंग्लंडमधल्या सगळ्या किल्ल्यांवर मिळून सात हजारांच्या आसपास पौंड खर्च केले, हे लक्षात घेतले की या आकड्याचा अर्थ कळतो.

हे हिशेबपट वाचण्यासारखे आहेत. त्यांत खाणीतून दगड काढणारे, दगड घडवणारे, चुनाभट्टीवाले, सुतार, लोहार, गाडीवान, पाणके, खंदक खोदणारे आणि या सगळ्यांवर पहारा देणारे शिपाई, अशा सर्वांच्या मजुरीच्या नोंदी आहेत. फक्त या सगळ्यांच्या वर असलेल्या मुख्य स्थपतीचे नाव कुठेही नाही. त्यावरून आराखडा स्वतः रिचर्डचा असावा, असा तर्क अनेक इतिहासकार करतात. तो त्या काळात तिथे वारंवार मुक्कामाला होता आणि पॅलेस्टाइन-सीरियाकडचे किल्ले त्याने लढताना जवळून पाहिले होते, हे पाहता तर्क पटण्यासारखा आहे. पण तो तर्कच आहे.

नदीच्या पात्रापासून टेकडीच्या माथ्यापर्यंत

गाय्यार म्हणजे फक्त माथ्यावरचा किल्ला, असे समजले तर निम्मी रचना नजरेतून निसटते. नदीच्या पात्रात लाकडी मेढींच्या रांगा ठोकून नावांची वाट अडवलेली होती. पात्रातल्या बेटावर एक लहान कोट होता, तो पुलाने काठाशी जोडलेला होता आणि काठावर ‘लहान आंदली’ हे तटबंदीचे नवे गाव वसवलेले होते. या सगळ्याच्या डोक्यावर, पात्रापासून सुमारे शंभर मीटर उंचीच्या टेकडीच्या सोंडेवर मुख्य किल्ला. खालची नाकेबंदी वरून राखायची आणि वरच्यांना रसद खालून पुरवायची, अशी ही एकमेकांवर अवलंबून असलेली साखळी होती.

टेकडीची सोंड बहुतेक बाजूंनी तीव्र उताराची आहे. फक्त आग्नेयेकडे ती मागच्या पठाराला एका चिंचोळ्या पट्ट्याने जोडलेली आहे. शत्रू येणार तो तिथूनच, हे उघड होते, म्हणून सगळी रचना त्या दिशेकडे तोंड करून आहे. पठाराच्या बाजूला आधी बाहेरचे त्रिकोणी आवार, त्याचे टोक आणि त्यावरचा सर्वांत दणकट बुरूज नेमका शत्रूच्या वाटेवर. त्याच्या मागे खडकात कोरलेला खोल खंदक, मग मधले आवार, आणि त्याच्या पोटात आणखी एका खंदकाने वेगळे केलेले आतले आवार. आपल्या भाषेत तोच बालेकिल्ला. त्याच्या नदीकडच्या कड्याला लागून मुख्य मनोरा. एक भाग पडला तरी पुढच्या भागासाठी शत्रूने सगळे पहिल्यापासून करावे, अशी योजना होती.

टेकडीचा खडक मात्र खडूचा आहे. पांढरा, मऊ, अधूनमधून गारगोटीचे थर असलेला. दोन वर्षांत एवढे खंदक कोरून झाले, त्याचे बरेचसे श्रेय या मऊपणाला जाते. हाच मऊपणा पुढे शत्रूच्याही उपयोगी पडला.

भिंत गोल का असावी?

त्याआधीच्या पिढ्यांत मुख्य मनोरे बहुधा चौकोनी असत. चौकोनाचे दोन तोटे होते. पहिला म्हणजे कोपऱ्याच्या पुढ्यात अशी जागा राहते, जिथे उभ्या असलेल्या शत्रूवर वरून बाण मारता येत नाही. दुसरा तोटा सुरुंगाचा. इथे सुरुंग म्हणजे दारूचा स्फोट नव्हे, कारण बंदुकीची दारू तेव्हा युरोपच्या युद्धांत आलेलीच नव्हती. भिंतीच्या पायाखाली भुयार खणायचे, खणताना वरचा भार लाकडी टेकूंवर तोलून धरायचा आणि शेवटी त्या टेकूंना आग लावून बाहेर पळायचे. टेकू जळाले की भिंत आपल्याच वजनाने खाली येते. चौकोनी मनोऱ्याचा एक कोपरा असा पोखरला, की दोन्ही भिंती एकदम जातात.

याचा अस्सल नमुना पाहायचा, तर थोडे पुढे जाऊन इंग्लंडमध्ये डोकवावे लागेल. १२१५ मध्ये राजा जॉनने, म्हणजे रिचर्डच्या धाकट्या भावाने, बंडखोरांच्या ताब्यातल्या रॉचेस्टरच्या चौकोनी मनोऱ्याखाली असाच सुरुंग खणला आणि टेकू चांगले पेटावेत म्हणून चाळीस लठ्ठ डुकरे पाठवण्याचा लेखी हुकूम दिला. हुकमात स्पष्ट आहे, की डुकरे भरपूर चरबीची, पण खाण्याच्या दृष्टीने कमी प्रतीची असावीत. मनोऱ्याचा एक कोपरा कोसळला. नंतर तो पुन्हा बांधताना गोल बांधला गेला आणि तीन चौकोनी कोपऱ्यांसह तो चौथा गोल कोपरा आजही तिथे दिसतो.

रिचर्डने ही गोलाईची कल्पना गाय्यारमध्ये शेवटापर्यंत नेली. आतल्या आवाराची तटभिंत सरळ नाहीच. एकाला एक लागून अर्धगोल फुगवटे काढत ती सगळ्या आवाराला वेढते. वरच्या शिपायाला भिंतीच्या पायथ्याची बहुतेक जागा दिसावी, यंत्राने फेकलेला दगड आदळला तर तो तिरका लागून घसरावा आणि भिंतीची जाडीही वाढावी, हे तीन फायदे या एका आकारात साधले होते. अशी भिंत युरोपात क्वचितच कुठे बांधली गेली. ती बांधायला किती दगडघडवे लागत असतील याचा अंदाज केला, की त्यामागचे कारणही कळते.

मुख्य मनोरा

अशा मनोऱ्याला फ्रेंच लोक ‘दोंजों’ म्हणतात. सगळे गमावल्यावर शेवटचा आसरा घेण्याची ही जागा. गाय्यारचा दोंजों गोल आहे, आतला व्यास सुमारे आठ मीटर आणि भिंत साडेतीन मीटरहून जाड. शत्रू ज्या बाजूने येईल त्या बाजूला मात्र भिंत गोल न ठेवता पुढे टोकदार केलेली आहे, त्यामुळे तिथे दगडी भराव कितीतरी जाड होतो. भिंतीचा पाया खाली उतरता पसरलेला आहे; वरून सोडलेला धोंडा त्या उतारावर आपटून बाहेरच्या शत्रूवर उसळावा, हा त्याचा एक उपयोग.

माथ्यावरची रचना सर्वांत नवी होती. पायथ्याशी भिडलेल्या शत्रूवर सरळ खाली मारा करायचा, तर भिंतीच्या बाहेर काढलेला सज्जा हवा. असे सज्जे एरवी लाकडाचे असत आणि लवकर पेटत. गाय्यारच्या दोंजोंवर वर रुंद होत जाणारे दगडी आधार भिंतीतून बाहेर काढले होते, आणि त्यांवरच्या कमानी व भिंत यांच्यामधल्या फटींतून खाली दगड सोडता येत. अशा दगडी सज्ज्याला माशिकुली म्हणतात. पश्चिम युरोपातल्या सर्वांत जुन्या माशिकुलींमध्ये हिची गणना होते.

आख्यायिका अशी, की फिलिप म्हणाला, भिंती लोखंडाच्या असल्या तरी मी हा किल्ला घेईन. त्यावर रिचर्ड उत्तरला, भिंती लोण्याच्या असल्या तरी मी तो राखीन. यातली ‘मी’ ही अट महत्त्वाची ठरली. ६ एप्रिल ११९९ रोजी शालू इथल्या एका किरकोळ वेढ्यात खांद्यात लागलेल्या बाणाची जखम चिघळून रिचर्ड वारला आणि नॉर्मंडी जॉनकडे आली.

सोडवणुकीचा एकच प्रयत्न

फिलिप १२०३ च्या उन्हाळ्याअखेर आंदलीला आला. माथ्यावर किल्लेदार होता रॉजर द लेसी, कसलेला आणि जॉनशी शेवटपर्यंत एकनिष्ठ. फिलिपने टेकडीला हात न लावता आधी नदी धरली. मेढी तोडून नावांचा पूल बांधला आणि बेटावरच्या कोटाची कोंडी केली.

जॉनने सुरुवातीलाच एक चांगला बेत केला होता. रात्री जमिनीवरून त्याचा सरदार विल्यम मार्शल याच्या फौजेने आणि नदीतून नावांच्या तांड्याने एकाच वेळी फ्रेंच छावणीवर पडायचे. पण नदीच्या प्रवाहाचा अंदाज चुकला आणि नावा मागे राहिल्या. जमिनीवरची तुकडी वेळेवर पोहोचली, तिने गोंधळ उडवून दिला, पण एकटीच पडल्याने ती मागे रेटली गेली; नावा आल्या तेव्हा उजाडू लागले होते आणि शत्रू सज्ज होता. त्यानंतर लगेच बेटावरचा कोटही गेला. गोबेर नावाचा एक पट्टीचा पोहणारा बंद भांड्यांत निखारे घेऊन पाण्यातून गेला आणि त्याने तिथल्या लाकडी कुंपणाला आग लावली, असे फिलिपबरोबर असलेला बखरकार गिल्योम ल ब्रतों लिहितो.

जॉनने पुन्हा प्रयत्न केला नाही. पुतण्या आर्थर, म्हणजे ब्रिटनीचा ड्यूक, त्याच्या कैदेत असताना नाहीसा झाला होता, खुनाचा संशय जॉनवरच होता, ब्रिटनीचे सरदार उलटले होते आणि नॉर्मंडीतल्या सरदारांवर त्याचा विश्वास उरला नव्हता. १२०३ च्या डिसेंबरात तो जहाजाने इंग्लंडला निघून गेला. तिजोरी अजून फुटायची होती, पण पहारेकरी गाव सोडून गेला होता.

दोन्ही बाजूंच्या मधे अडकलेली माणसे

लहान आंदली पडताच तिथले दीड-दोन हजार रहिवासी वर किल्ल्यात आश्रयाला आले होते. किल्लेदाराचा हिशेब निष्ठुर होता: तोंडे कमी, तर दिवस जास्त. त्याने लढू न शकणाऱ्यांना बाहेर काढायला सुरुवात केली. पहिल्या दोन तुकड्यांना, प्रत्येकी सुमारे पाचशेंच्या, फ्रेंच सैनिकांनी जाऊ दिले. हे कळताच फिलिपने सक्त मनाई केली, कारण ही तोंडे आत राहण्यात त्याचा फायदा होता. शेवटची काहीशे माणसे बाहेर पडली तेव्हा पुढून बाण आले आणि मागे वळली तर दरवाजे बंद झालेले होते.

खंदकाच्या आणि फ्रेंच मोर्चांच्या मधल्या उतारावर, ऐन थंडीत, बायकामुलांसह ही माणसे आठवडेच्या आठवडे अडकून पडली. गवत, कुत्री, हाती लागेल ते त्यांनी खाल्ले. गिल्योम तर मृत अर्भक खाल्ल्याचेही लिहितो. अखेर फिलिपने त्यांना अन्न देऊन सोडायला सांगितले, पण उपाशी पोटी एकदम खाल्ल्याने त्यातलेही कित्येक दगावले. गिल्योम हा फिलिपचा पदरी धर्मगुरू होता आणि त्याने राजाच्या स्तुतीसाठी लिहिले, त्यामुळे शेवटी दयाळू दिसतो तो त्याचाच राजा. मनाईचा हुकूम त्याच राजाचा होता, हे मात्र त्यानेही लपवलेले नाही.

तीन आवारांचे तीन शेवट

फेब्रुवारी १२०४ मध्ये फिलिपने प्रत्यक्ष हल्ला सुरू केला. बाहेरच्या आवाराच्या टोकाच्या बुरुजासमोरचा खंदक बुजवायचे काम चालू असतानाच काही उतावळे सैनिक शिड्या टाकून खंदकात उतरले. पलीकडच्या बाजूला शिड्या आखूड पडल्या, तेव्हा त्यांनी खडूच्या मऊ भिंतीत तलवारी-खंजिरांनी खोबण्या कोरल्या आणि त्यांत हातपाय रोवून ते बुरुजाच्या पायथ्याशी पोहोचले. तिथे सुरुंग खणून टेकू पेटवले. बुरूज ढासळला, आणि आतल्यांनी आवारातल्या इमारती पेटवून मधल्या आवारात माघार घेतली.

मधल्या आवाराची गोष्ट सर्वांत प्रसिद्ध आहे आणि बहुधा सर्वांत मोडतोड झालेलीही. बोजी नावाचा शिपाई शौचकूपाच्या नळातून चढून आत शिरला, असे पर्यटकांना हमखास सांगितले जाते. गिल्योमच्या वर्णनात मात्र एक खिडकी आहे. जॉनने थोड्याच काळापूर्वी तटाला लागून एक इमारत बांधली होती, तिच्या वर प्रार्थनामंदिर आणि खालच्या भागात शौचालये होती. ही रचना धर्माला धरून नव्हती, असा शेराही तो मारतो. तिच्या बाहेरच्या बाजूच्या खिडकीतून बोजी आणि त्याचे सोबती आत शिरले. वाट शौचालयाची की खिडकीची, हा वाद बाजूला ठेवला तरी मुद्दा राहतो: रिचर्डच्या आराखड्यात नसलेली ही भर होती. आत शिरलेल्यांनी मोठा गोंगाट केला, बचाव करणाऱ्यांनी त्यांना जाळून काढण्यासाठी इमारत पेटवली आणि ती आग त्यांच्यावरच उलटली. ते बालेकिल्ल्यात पळाले. धूर ओसरल्यावर बोजीने पूल खाली सोडला.

आता उरली ती फुगवट्यांची भिंत. तिच्यासमोरच्या खंदकात एके ठिकाणी खडक न कोरता तसाच ठेवलेला होता, दरवाज्यापर्यंत जाण्यासाठीचा तो नैसर्गिक पूल. लाकडी पूल ओढून घेता येतो किंवा जाळता येतो. खडकाचा पूल हलवता येत नाही. त्याच्या आडोशाने फ्रेंच सुरुंगवाले भिंतीला भिडले. आतल्यांनी उलट बाजूने भुयार खणून त्यांना हुसकावले खरे, पण दोन्हीकडून पोखरल्याने भिंत कमकुवत झाली. मग ‘काबुलुस’ या नावाच्या प्रचंड गोफणयंत्राने तिच्यावर धोंडे टाकायला सुरुवात केली आणि ती फुटली. शिबंदी दोंजोंचा आसरा न घेता लढत असतानाच पकडली गेली. उरलेले होते दीडशेच्या आसपास. ज्या मनोऱ्यावर एवढी बुद्धी खर्च झाली होती, त्याचा त्या दिवशी काहीच उपयोग झाला नाही.

मग रचनाच फसली, असे का म्हणू नये?

काही दोष खरे होते. खडकाचा पूल ही चूक होती, जॉनची इमारत ही चूक होती, आणि एकामागोमाग एक मांडलेल्या आवारांमुळे मागच्या तटावरच्यांना पुढच्या लढाईत मदत करणे अवघड होते. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात वेल्समधल्या इंग्रजी किल्ल्यांत एक तट दुसऱ्याच्या आत आणि अधिक उंच ठेवला गेला, तो दोन्हींवरून एकाच वेळी मारा करता यावा म्हणून.

पण काळाचा हिशेब केला, तर किल्ल्याने आपले काम चोख केले. ऑगस्ट-सप्टेंबरपासून मार्चपर्यंत, सहा महिन्यांहून अधिक काळ, फ्रान्सच्या राजाची फौज एका टेकडीपाशी खिळून राहिली. त्या काळात जॉन फौज घेऊन परत आला असता, तर फिलिपला दोन आघाड्यांवर लढावे लागले असते. तो आला नाही. २४ जून १२०४ रोजी रूआंने मदतीची वाट पाहून दरवाजे उघडले आणि नॉर्मंडी फ्रान्सच्या राज्याचा भाग झाली. १२५९ च्या पॅरिस तहात इंग्लंडच्या राजाने तिच्यावरचा हक्क रीतसर सोडला. इंग्लिश खाडीतली काही बेटे तेवढी त्याच्याकडे राहिली.

तोफांआधी आणि तोफांनंतर

किल्ला दुरुस्त होऊन वापरात राहिला. १३१४ मध्ये फ्रेंच राजघराण्यातल्या दोन सुनांना, मार्गारीट आणि ब्लांश यांना, व्यभिचाराच्या आरोपावरून इथे कोंडले होते. मार्गारीट इथेच वारली. १३३४ पासून काही वर्षे स्कॉटलंडचा परागंदा बालराजा दुसरा डेव्हिड फ्रान्सचा पाहुणा म्हणून इथे राहिला. शंभर वर्षांच्या युद्धात १४१९ मध्ये इंग्लंडच्या पाचव्या हेन्रीच्या फौजेने वेढा घातला, तेव्हा शिबंदी अनेक महिने टिकली आणि शेवटी विहिरीतून पाणी शेंदायचे दोर झिजून तुटल्यामुळे शरण आली, असे त्या काळचा एक बखरकार सांगतो. त्या वेळी तोफा वापरात आलेल्या होत्या, तरी किल्ला गेला तो दोरांपायी. १४४९ मध्ये तो कायमचा फ्रान्सकडे आला.

त्याचा शेवट शत्रूने केलेला नाही. राजाला न जुमानणारा कोणी त्यात दबा धरून बसेल, या भीतीने नॉर्मंडीच्याच प्रतिनिधींनी तो पाडण्याची मागणी केली आणि चौथ्या हेन्रीने १५९९ मध्ये तसा हुकूम दिला. जवळच्या मठांना दगड नेण्याची परवानगी मिळाली. १६११ पर्यंत हे चालले. १८६२ मध्ये फ्रान्सने त्याला ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा दिला. आज फुगवट्यांच्या भिंतीचा मोठा भाग, खंदक आणि दोंजों पाहायला मिळतात, पण दोंजोंचा वरचा मजला आणि माशिकुली गेल्या आहेत. भिंतीतून बाहेर येणारे आधार तेवढे उरले आहेत. पुस्तकांत आणि फलकांवर दिसणारा पूर्ण मनोरा एकोणिसाव्या शतकात व्हियोले-ल-द्यूक या वास्तुविशारदाने त्या अवशेषांवरून रंगवलेल्या कल्पनेवर बेतलेला आहे, म्हणून ‘युरोपातली पहिली माशिकुली’ असा ठाम दावा कोणी केला, तर तो थोडा जपूनच घ्यावा.